चाकण आणि बाक निन्ह : भारत आणि व्हिएतनाम येथील जगण्याची तुलना

इंद्रायणीकाठ

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत अकरा वर्षे आणि व्हिएतनामच्या बाक निन्ह प्रांतात चार वर्षे नोकरी करून मी गेल्या दिवाळीत कायमचा घरी आलो. आल्यापासून नातेवाईक, शेजारी आणि जुने सहकारी एकच प्रश्न विचारतात, "तिकडे बरे की इकडे?" लग्नाच्या पंगतीत दोन वाक्ये बोलून मी वेळ मारून नेतो, पण त्या उत्तराने माझे मलाच समाधान होत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. व्हिएतनाममध्ये राहिलेले आणि आरोग्य, शिक्षण, शेती या क्षेत्रांत काम करणारे सदस्य या चर्चामंचावर आहेत, त्यांनी माझ्या लिहिण्यातील उणिवा दाखवाव्यात.

जर्मनी किंवा सिंगापूरशी आपली तुलना करून हाती फारसे लागत नाही, कारण सुरुवातच वेगळी होती असे म्हणून आपण विषय मिटवतो. व्हिएतनामच्या बाबतीत ती सोय नाही. तिथले युद्ध १९७५ साली संपले, १९७९ मध्ये चीनशी पुन्हा लढाई झाली आणि अमेरिकेचे व्यापारी निर्बंध १९९४ पर्यंत होते. डिसेंबर १९८६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचे धोरण ठरले, तेव्हा त्या देशात महागाई वर्षाला काहीशे टक्क्यांनी वाढत होती. १९९० साली तिथले दरडोई उत्पन्न डॉलरच्या हिशेबात भारताच्या जेमतेम पाव होते. आज ते भारताच्या दीडपटीहून जास्त आहे. २०२५ च्या मानव विकास अहवालात व्हिएतनाम ९३ व्या आणि भारत १३० व्या क्रमांकावर आहे. आपल्या मागून निघालेला, आपल्याहून अधिक होरपळलेला देश आपल्या पुढे गेला आहे, आणि ते कसे घडले हे समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

बाक निन्ह हनोईच्या ईशान्येला, तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशातली ती भातशेतीची जमीन. २००८-०९ नंतर तिथे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रचंड कारखाने उभे राहिले. चाकणला मोटारींचे कारखाने याच सुमारास वाढले. दोन्हीकडे शेताच्या बांधापलीकडे पत्र्याची शेड दिसते, दोन्हीकडे गाववाल्यांनी घरामागे खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत, दोन्हीकडे कामगार दूरच्या जिल्ह्यांतून आलेला आहे. इतके साम्य असताना फरक कुठे आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसले.

रात्री आठ वाजता पाळी सुटली. फाटकातून शेकडो दुचाक्या बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुली आणि बाया चालवत होत्या. अंगात कंपनीचे जाकीट, तोंडावर कापडी मास्क, हँडलला भाजीची पिशवी. पुढे कोपऱ्यावर त्या थांबल्या, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून वाफाळत्या शेवयांचे वाडगे समोर घेतले आणि गप्पा मारू लागल्या. दहा वाजले तरी त्या तिथेच होत्या. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते, कारण पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. माझी पत्नी महिनाभराने आली. तिसऱ्या दिवशी तीही रात्री साडेनऊला एकटी औषधाच्या दुकानात जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "अहो, मी निघताना तुम्हाला 'येताय का' असे विचारलेच नाही." आमच्या सतरा वर्षांच्या संसारात असे प्रथमच घडले होते.

चाकणच्या तळेगाव चौकात रात्री आठ वाजता उभे राहून बायका मोजाव्यात, हाताची बोटे पुरतात. माझ्या विभागात सहाशे कामगारांमध्ये चौदा स्त्रिया होत्या. बाक निन्हमधल्या आमच्या कारखान्यात स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या. देशपातळीवरचे आकडे हेच सांगतात. आपल्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग ४१.७ टक्के होता, आणि त्यातही मोठा वाटा घरच्या शेतीचा व स्वयंरोजगाराचा आहे. व्हिएतनाममध्ये तो ६० टक्क्यांच्या वर आहे आणि त्यात रोख पगार घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. एका घरात दोन पगार येतात, तेव्हा पोरांच्या ताटात काय पडते आणि म्हातारीच्या डोळ्यांचे ऑपरेशन केव्हा होते हे बदलते. माझ्या मते या दोन देशांतल्या राहणीमानातील फरकाचे मूळ इथे आहे. रस्ते, पूल आणि विमानतळ त्यानंतर येतात.

आता तिथल्या वाईट गोष्टींबद्दल. खोल्या दहा-बारा चौरस मीटरच्या, वर पोटमाळा, एका रांगेत वीस. कित्येक जोडप्यांची मुले गावी आजी-आजोबांकडे राहतात आणि आईवडील त्यांना वर्षातून एकदोनदा, मुख्यतः तेत म्हणजे चांद्र नववर्षाला भेटतात. २०२२ पासून जादा कामाची वार्षिक मर्यादा सर्वच उद्योगांसाठी ३०० तासांपर्यंत नेली आहे आणि कामगारांना ते तास हवे असतात, कारण मूळ पगारात भागत नाही. जुलै २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळात मोठ्या शहरांच्या श्रेणीतील किमान वेतन महिना ४९ लाख ६० हजार डोंग होते, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण सोळा-सतरा हजार रुपये. नळाचे पाणी तिथेही कोणी तसेच पीत नाही, वीस लिटरचे जार येतात. हिवाळ्यात हनोई परिसराची हवा पुण्याच्या हवेपेक्षा पुष्कळ खराब असते. २०२३ च्या उन्हाळ्यात उत्तरेत वीज इतकी कमी पडली की औद्योगिक वसाहतींतही वीजकपात झाली. सरकारी दवाखान्यात गर्दी असते आणि लवकर नंबर लागावा म्हणून पाकीट सरकवण्याची रीत तिथेही आहे. विम्याचे कार्ड नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांकडे आहे, तरी आरोग्यावरच्या एकूण खर्चातला सुमारे चाळीस टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातूनच देतात. आपल्याकडेही हे प्रमाण २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के होते. या बाबतीत दोन्ही देश एकाच पायरीवर उभे आहेत.

केतकी_एकवीस

इंद्रायणीकाठ, आपला लेख वाचून सायगॉनमधली माझी सहा वर्षे डोळ्यांसमोर उभी राहिली. (तिथे अजूनही पुष्कळजण बोलताना सायगॉनच म्हणतात, हो ची मिन्ह सिटी हे कागदावरचे नाव.) माझी धाकटी मुलगी तिथेच जन्मली, त्यामुळे आपण ज्याला मूळ म्हणता, त्याच्याही खाली काय आहे ते थोडे सांगू शकते.

व्हिएतनाममध्ये बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची आहे आणि भारतात २०१७ पासून २६ आठवड्यांची आहे. कागदावर दोन्ही सारखेच. पण तिथे त्या सहा महिन्यांचा पगार सामाजिक विमा निधी देतो, आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीच्या शंभर टक्के. आपल्याकडे ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेतून तो मिळतो, पण त्यावरच्या स्त्रियांच्या रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा आहे. त्यामुळे लहान कंपनीचा मालक नवविवाहित मुलीला घेताना मनात हिशेब करतो. मला स्वतःला पुण्यात एका मुलाखतीत "घरी काही प्लॅनिंग?" असे विचारले गेले होते. हेतू चांगला असलेल्या कायद्याचा खर्च चुकीच्या खिशावर टाकला, तर तो कायदा बायकांच्याच मुळावर येतो.

दुसरी गोष्ट बालवाडीची. तिथली 'माम नॉन' म्हणजे सरकारी बालवाडी पूर्ण दिवसाची असते. मी सकाळी सव्वासातला मुलीला सोडत असे. फाटकाशी शिक्षिका कपाळाला हात लावून ताप पाहत, चपला नावाच्या खणात ठेवायला लावत. साडेदहाच्या सुमारास भात, सूप, मासा किंवा अंडे असे जेवण होई. नंतर सगळ्या मुलांना चटयांवर ओळीने झोपवत, पडदे ओढलेले, पंखे मंद, चाळीस पोरे गाढ झोपलेली. साडेचारला मी आणायला जाई तेव्हा ती खाऊन, खेळून, झोपून ताजी असे. आता अंगणवाडीचा विचार करा. आपल्या अंगणवाडीताई अत्यंत कमी मानधनात राबतात आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण तीन-चार तास चालणाऱ्या अंगणवाडीच्या भरवशावर कोणती आई आठ तासांची नोकरी करू शकेल?

मात्र एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. रस्त्यावर सुरक्षित असलेली बाई घरात सुरक्षित असतेच असे नाही. २०१९ च्या तिथल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ६३ टक्के विवाहित स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी नवऱ्याकडून कोणत्या तरी प्रकारचा छळ सोसल्याचे सांगितले. २०१९ च्या जनगणनेत जन्माच्या वेळचे प्रमाण शंभर मुलींमागे १११ हून अधिक मुलगे असे होते. म्हणजे मुलगाच हवा हा हट्ट तिथेही आहे. माझ्या शेजारची लान कारखान्यातून येऊन स्वयंपाक, धुणे, सासऱ्यांची शुश्रूषा असे सगळे करीत असे आणि नवरा फाटकाबाहेर बिअर घेऊन बसलेला असे. दोन पगार आले म्हणून कामाची वाटणी झाली असे मला तिथे दिसले नाही.

प्रश्नचिन्ह

लेख प्रामाणिक आहे, पण मोजमापात एक मोठा रकाना मोकळा सोडला आहे असे माझे मत आहे. व्हिएतनाममध्ये एकच पक्ष आहे आणि राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने त्याचे नेतृत्व कायम केले आहे. २०२४ च्या जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य निर्देशांकात १८० देशांत व्हिएतनाम १७४ वा होता. भारत १५९ वा होता, ही अभिमानाची गोष्ट नाही, तरीही दोन्हींत फरक आहे. २०१६ मध्ये हा तिन्ह प्रांतातल्या फॉर्मोसा पोलाद प्रकल्पातून समुद्रात विषारी सांडपाणी गेले आणि मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. कंपनीने ५० कोटी डॉलर भरपाई दिली हे खरे, पण त्या प्रकरणावर लिहिणाऱ्या आणि निदर्शने करणाऱ्या अनेकांना पुढे दीर्घ तुरुंगवास झाला हेही खरे आहे.

आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीच २००२ पासून राज्याचा कायदा होता. ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला जाब विचारणारा माणूस, पाच वर्षांनी आमदाराला घरी बसवणारा मतदार, दहा रुपयांच्या अर्जावर रस्त्याच्या कामाचे मोजमाप मागणारा निवृत्त शिक्षक हे सगळे राहणीमानाचाच भाग आहेत. ते आकड्यांत येत नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरायची का? कामगारांबद्दल लिहिलेत म्हणून विचारतो, तिथे स्वतंत्र कामगार संघटना काढता येते का?

इंद्रायणीकाठ

प्रश्नचिन्ह, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो रकाना मी मोकळा सोडायला नको होता. २०१९ च्या श्रम संहितेने कागदावर स्वतंत्र कामगार प्रतिनिधी मंडळांना वाव दिला आहे, पण मी असेपर्यंत आमच्या वसाहतीत अधिकृत संघटनेखेरीज दुसरी संघटना मला दिसली नाही. संप होतात, ते कोणी पुढारी न नेमता, एका सकाळी अचानक होतात आणि दोन-तीन दिवसांत मिटवले जातात.

आपल्या मुद्द्यावर मी दोन नद्यांबद्दल सांगतो, कारण दोन्ही मी रोज पाहिल्या आहेत. बाक निन्ह शहराजवळ फाँग खे नावाचे गाव आहे. तिथे परंपरेने हाताने कागद बनवत. आता तिथे रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरण्या झाल्या, आणि न्गू हुयेन खे ही नदी त्यांच्या सांडपाण्याने काळी पडली. उन्हाळ्यात पुलावरून दुचाकीने जाताना नाक दाबावे लागे. माझ्या सहकाऱ्याचे घर त्या नदीच्या काठी होते. मी त्याला विचारले, "तुम्ही तक्रार करत नाही का?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "वॉर्डच्या माणसाला सांगितले आहे." त्यापुढे तो बोलला नाही. मी पुन्हा कधी विचारले नाही.

आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, वारकरी घाटावर बसतात, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. आमच्या गल्लीतला पोरगादेखील मोबाइलवर चित्रफीत काढून मंत्र्यांना नावाने खडे बोल सुनावतो आणि रात्री निवांत झोपतो. ही निर्भयता तिथे मला मिळाली नाही, आणि चार वर्षांत तिची उणीव मला फार जाणवली. परदेशी माणूस असूनही फेसबुकवर काही लिहिताना हात थांबायचा. १ जानेवारी २०१९ पासून तिथे सायबर सुरक्षा कायदा लागू आहे, आणि तो लक्षात ठेवूनच सगळे लिहीत.

पण फेस अजून येतो. गेली कित्येक वर्षे मी तो फोटो पाहतो आहे. आपल्याला ओरडण्याचा हक्क आहे, मात्र ऐकून घेऊन काम करणारी यंत्रणा आपण उभी केली नाही. त्यांच्याकडे यंत्रणा आहे, पण तिने कोणते काम हाती घ्यायचे हे काठावरची माणसे ठरवत नाहीत. फाँग खेच्या बऱ्याच गिरण्या अलीकडे प्रांताने बंद करवल्या. त्या वीस वर्षे उशिरा का, हे तिथे कोणी जाहीरपणे विचारले नाही, आणि बेकार झालेल्यांनाही कोणी विचारले नाही.

आडवाट

मी नंदुरबार जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे फक्त एका आकड्याबद्दल लिहितो. वयाच्या मानाने कमी उंची असणे, म्हणजे वाढ खुंटणे, हे दीर्घकाळच्या कुपोषणाचे लक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय बालकांची वाढ खुंटलेली होती, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. आपण देशाच्या सरासरीहून श्रीमंत आहोत, पण आपल्या मुलांच्या उंचीत ती श्रीमंती उतरलेली नाही. व्हिएतनामच्या २०२० च्या पोषण पाहणीत हे प्रमाण १९.६ टक्के होते. दोन वर्षांपर्यंत खुंटलेली उंची पुढे बहुतांशी भरून निघत नाही, म्हणजे हा फरक पुढच्या साठ वर्षांचा आहे.

याचे कारण नुसते उत्पन्न नाही. माझ्याकडे येणाऱ्या मातेचे वय पुष्कळदा एकोणीस-वीस असते, वजन चाळीस किलोच्या आत, आणि ती घरात सर्वांत शेवटी जेवते. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. अशा आईच्या पोटी दोन किलोचे बाळ जन्मते. ते जगते, पण वाढीत मागे पडते. केतकी यांनी वर्णन केलेले बालवाडीतले अंडे आणि मासा मला म्हणून फार महत्त्वाचे वाटले. आपल्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण आणि मुलांना अंडी देतात. जिथे ते नियमित मिळते तिथे वजनाच्या तक्त्यावर मला फरक दिसतो. मागच्या श्रावणात एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी तासभर बसलो होतो. तीन वर्षांच्या मुलीने उकडलेले अंडे हातात घेतले, अर्धे खाल्ले आणि उरलेले अर्धे फ्रॉकच्या घेरात गुंडाळून ठेवले. ताईंनी विचारले, तेव्हा म्हणाली, "भाऊला."

व्हिएतनामबद्दलही एक सांगायला हवे. तिथल्या डोंगराळ भागातल्या अल्पसंख्याक जमातींच्या मुलांमध्ये वाढ खुंटण्याचे प्रमाण बहुसंख्य किन्ह समाजाच्या सुमारे दुप्पट आहे. म्हणजे त्यांच्याकडेही एक सातपुडा आहेच. आणि आपल्याकडेही उजेडाच्या जागा आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि तीच पुढे आशा सेविकांमार्फत देशभर नेण्यात आली. पद्धत इथेच सापडली, ती प्रत्येक पाड्यावर रोजच्या रोज चालवणे आपल्याला जमलेले नाही.

खडूफळा

शाळेबद्दल एका जिल्हा परिषद शिक्षिकेचे चार शब्द. २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत व्हिएतनाम पहिल्यांदा उतरला आणि गणितात १७ वा, विज्ञानात ८ वा आला. त्याआधीच्या फेरीत आपल्याकडून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. दोन्ही तळाशी राहिले, आणि त्यानंतर आपण त्या चाचणीत उतरलोच नाही. व्हिएतनामच्या निकालालाही मर्यादा आहे, कारण शाळा सोडून गेलेली बरीच मुले त्या मोजणीत येत नाहीत. पण जी मुले शाळेत आहेत ती शिकत आहेत, एवढे निश्चित. 'असर' या शैक्षणिक अहवालासाठी झालेल्या २०२२ च्या पाहणीत आपल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला होता.

याचे एक कारण फारसे बोलले जात नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरकारने साक्षरतेची मोहीम जाहीर केली, तीही स्वतःच्या भाषेतून. आजही तिथला शेतमजूर आणि अधिकारी या दोघांची मुले बहुतेक वेळा व्हिएतनामी माध्यमाच्या सरकारी शाळेतच जातात. माझ्या गावात ज्याला परवडते तो मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवून चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवतो. माझ्या वर्गात उरतात ती ज्यांना आवाज नाही अशांची मुले. शाळेच्या छपरातून पाणी गळते तेव्हा तक्रार करायला गावातले वजनदार कोणी येत नाही, कारण त्यांचे कोणी त्या छपराखाली बसलेले नसते.

क्लासचे वेड मात्र तिथेही तितकेच आहे. फेब्रुवारी २०२५ पासून शिक्षकांनी स्वतःच्याच विद्यार्थ्यांची पैसे घेऊन शिकवणी करण्यावर तिथे बंदी आणावी लागली.

माणदेशी

जतला आमची ड्रॅगन फ्रूटची बाग आहे. हे पीक आपण व्हिएतनामकडूनच पाहिले, त्यामुळे त्या देशाबद्दल मला कुतूहल आहे. तिथे जमीन शेतकऱ्याच्या मालकीची नसते. ती सगळ्या जनतेची मानतात आणि शेतकऱ्याला वापराचा हक्क देतात, त्याचा दाखला म्हणून लाल पुस्तक मिळते. १९८८ मध्ये सामूहिक शेती मोडून कुटुंबांकडे जमीन कसायला दिली आणि एका वर्षात तांदूळ आयात करणारा देश निर्यात करू लागला, ही त्यांची खरी कमाई. पण रस्त्याला, कारखान्याला जमीन हवी झाली की सरकार ठरवील त्या भावाने ती जाते. हनोईजवळच्या दोंग ताममध्ये जानेवारी २०२० मध्ये अशाच वादात पोलीस पहाटे गावात शिरले आणि माणसे मेली. आपल्याकडे २०१३ चा भूसंपादन कायदा आहे, संमती आणि चौपट मोबदला हे शब्द तरी त्यात आहेत. पुरंदरच्या विमानतळाला सात गावे विरोध करू शकली. माझ्या दृष्टीने सातबारा नावावर असणे ही राहणीमानातली पहिली गोष्ट आहे. बाकीचे नंतर.

रेवदंडा

सर्व प्रतिसाद वाचले. माझी सूचना अशी की भारत आणि व्हिएतनाम यांपेक्षा महाराष्ट्र आणि व्हिएतनाम यांची तुलना करावी. व्हिएतनामची लोकसंख्या २०२३ मध्ये दहा कोटी झाली, महाराष्ट्राची २०११ मध्येच ११.२४ कोटी होती. क्षेत्रफळ त्यांचे ३.३१ लाख चौरस किलोमीटर, आपले ३.०८ लाख. देश म्हणून तुलना केली की आपण लगेच बिहार आणि उत्तर प्रदेशाकडे बोट दाखवतो. महाराष्ट्र म्हणून केली तर बोट दाखवायला कोणी उरत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेला ३५.२ टक्क्यांचा आकडा आपलाच आहे.

दुसरे असे की हे सारे एकपक्षीय राजवटीशिवाय जमत नाही असे कोणी समजू नये. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या एकूण स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तामिळनाडूत आहेत. १९८२ मध्ये तिथे शाळेतले दुपारचे जेवण मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि २०२२ पासून सकाळची न्याहारीही मिळते. हे सगळे निवडणुका लढवत, सरकारे पाडत आणि आणत झाले आहे.

केतकी_एकवीस

रेवदंडा यांच्याशी सहमत. इंद्रायणीकाठ, एक विचारायचे राहिले. २०१७ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे. चाकणला आपल्या कंपनीत ते आहे का?

इंद्रायणीकाठ

केतकी, प्रश्न वाचून काल मुद्दाम पाहून आलो. पाळणाघर आहे. कॅन्टीनच्या मागे, दारावर बदकाचे चित्र, आत निळा रंग. दाराला कुलूप होते. किल्ली भांडार विभागात मिळाली. आत जुन्या तपासणी नोंदींचे खोके छतापर्यंत रचलेले आहेत आणि त्यांच्या मागे दोन पाळणे प्लास्टिकच्या वेष्टनातच आहेत. मनुष्यबळ विभागातल्या मॅडम म्हणाल्या की चौदा बायकांपैकी कोणाचेच मूल लहान नाही, म्हणून मागणी नाही. लहान मूल असलेल्या बाया नोकरीला येतच नाहीत याचे कारण त्या कुलपात आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि लेखी द्यायला सांगितले.

खोके हलवून ती खोली सुरू करावी आणि वसाहतीतल्या शेजारच्या तीन लहान कारखान्यांतल्या बायकांनाही तिथे मुले ठेवू द्यावीत, असा अर्ज मी आज सकाळी दिला. बावीस जणांच्या सह्या झाल्या, त्यांत एकोणीस पुरुष आहेत. पोच घेतली आहे. उत्तर आले की इथेच कळवीन.